खरचटले की मलम?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाचे प्रात्यक्षिक चालू असताना एका विद्यार्थ्याच्या बोटाला काचेच्या चिपेचा तुटका कोपरा लागला. जखम म्हणावी असे फारसे काही नव्हते. अर्ध्या सेंटिमीटरचा काप आणि चार थेंब रक्त, एवढेच. प्रयोगशाळेच्या परिचराने तत्परतेने भिंतीवरची प्रथमोपचार पेटी उघडली, आतली मलमाची ट्यूब काढली, वाटाण्याएवढे मलम बोटावर दाबले आणि वर पट्टी गुंडाळली. बोट धुतले का, असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. पाण्याचा नळ तेथून चार पावलांवर होता.

पाचव्या दिवशी तो मुलगा बोट दाखवायला आला. बोट लालभडक झाले होते, त्यावर बारीक पाणीदार पुळ्या उठल्या होत्या आणि खाजेने तो हैराण झाला होता. जंतू वाढले असावेत अशा समजुतीने त्याने मलम दिवसातून एकदाऐवजी तीनदा लावायला सुरुवात केली होती. घरच्यांनीही "भरपूर लाव" असेच सांगितले होते. डॉक्टरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "लावतोस काय?" आणि ट्यूब पाहताच ती बंद करायला सांगितली. बोटाला जंतूंचा काही त्रास नव्हता. त्रास होता तो मलमातल्या निओमायसिनचा. त्या मुलाच्या त्वचेला त्याचे वावडे होते. मलम सुटले आणि आठ-दहा दिवसांत बोट पूर्ववत झाले.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. वैद्यकाचा अधिकार मला नाही. पण या प्रकारानंतर कुतूहल म्हणून जे वाचले, डॉक्टर मित्रांना विचारून पारखून घेतले, त्यावरून माझे एक मत बनले आहे, आणि ते शिक्षकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. ते मत असे की किरकोळ खरचटणे, कापणे यांवर प्रतिजैविकाचे मलम चोळण्याची आपली सवय बहुतांशी निरुपयोगी आहे, थोडी हानिकारक आहे, आणि तिच्यामुळे जे खरोखर करायला हवे ते राहून जाते.

प्रथम त्या ट्यूबमध्ये असते काय ते पाहू. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या या मलमांत बहुधा निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रॅसिन ही त्रिकुटे असतात, किंवा फ्रामायसेटिन हे एकटे असते. (फ्रामायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच मुख्य घटक, एकाचे वावडे असेल तर दुसऱ्याचेही असणारच.) यांपैकी बॅसिट्रॅसिनचा जन्म मोठा गमतीदार आहे. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट ट्रेसी नावाच्या एका लहान मुलीचा पाय मोडून हाड बाहेर आले होते. तिच्या जखमेतून घेतलेल्या नमुन्यात दुष्ट स्टॅफिलोकॉकस जंतू तर होतेच, पण त्यांच्याबरोबर एक दांडीसारखा जीवाणूही होता, आणि तो रात्रभरात त्या जंतूंचा नायनाट करीत होता. बाल्बिना जॉन्सन या संशोधिकेच्या ते ध्यानात आले. त्या जीवाणूने स्रवलेल्या द्रव्याला 'बॅसिलस' आणि 'ट्रेसी' यांची सांगड घालून नाव मिळाले. निओमायसिन १९४९ साली वॅक्समन आणि लशव्हालिए यांनी मातीतल्या जीवाणूपासून मिळवले. ही सारी अस्सल प्रतिजैविके आहेत. पॉलिमिक्सिन बी तर असे औषध आहे की इतर सर्व औषधे थकल्यावर अतिदक्षता विभागातल्या रोग्याला शेवटचा उपाय म्हणून ते शिरेतून देतात. तेच आपण गुडघ्याच्या ओरखड्याला लावतो.

आता जखमेकडे वळू. कातडी फाटली म्हणजे जंतू आत शिरणार हे खरे. पण जंतू आत शिरणे आणि जखम चिघळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या त्वचेत मोजून मापून स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिले. (असे प्रयोग आज कोणी करू देणार नाही.) पू होण्यासाठी किमान किती जंतू लागतात? उत्तर आले काही दशलक्ष! एवढे जंतू शरीराच्या पांढऱ्या पेशी सहज खपवत होत्या. पण त्याच ठिकाणी त्वचेत रेशमी टाक्याचा धागा असेल, तर अवघे काही शे जंतू पू करायला पुरत होते. म्हणजे परकी वस्तू आत राहिली की जंतूंचे काम सुमारे दहा हजारपटीने सोपे होते!

हा आकडा मला फार बोलका वाटतो. मैदानावर पडलेल्या मुलाच्या गुडघ्यात धागा नसतो, पण माती असते, खडीचा बारीक कण असतो, कधी चड्डीचा तंतू असतो. तो कण काढून टाकणारे मलम जगात नाही. तो काढते वाहते पाणी. स्थिर पाण्यात बोट बुडवणे आणि नळाखाली धरणे यांत फरक आहे. वाहणारे पाणी पृष्ठभागावर घर्षणाचा जोर लावते आणि सैल झालेले कण व त्यांना चिकटलेले जंतू ओढून नेते. पिण्याजोगे स्वच्छ पाणी पाच मिनिटे जखमेवर वाहू द्यावे आणि भोवतालची त्वचा साबणाने धुवावी. नळ नसेल तर तांब्याने धार धरावी, किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पिचकारी करावी. एवढा साधा उपाय असताना आपण घाणीवरच मलमाचा थर देतो आणि वरून पट्टी बांधून ती घाण आत जपून ठेवतो!

काहींना धुण्यापेक्षा झोंबणाऱ्या औषधांवर अधिक विश्वास असतो. माझ्या लहानपणी शाळेच्या पेटीत टिंक्चर आयोडीन आणि ते प्रसिद्ध लाल औषध असे. जितके झोंबेल तितके ते गुणकारी, अशी आमच्या गुरुजींची ठाम श्रद्धा होती. पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या इस्पितळात सैनिकांच्या जखमांचा अभ्यास करीत होते. त्यांनी एक सुरेख युक्ती केली. काचेची परीक्षानळी तापवून तिला बाहेरच्या बाजूने पोकळ काटे ओढले आणि वेड्यावाकड्या जखमेची काचेची प्रतिकृती बनवली. नळीत जंतू वाढवून त्यांनी तिच्यात जंतुनाशक ओतले, काढले आणि पुन्हा पोषक द्रव भरून ठेवले. काट्यांच्या टोकांत लपलेले जंतू जिवंतच राहिले! शिवाय ही तीव्र रसायने जंतूंपेक्षा पांढऱ्या पेशींनाच अधिक मारतात असेही त्यांना आढळले. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून आपण हुरळतो, पण तो फेस जंतू मेल्याचा पुरावा नव्हे. आपल्याच रक्तातले व पेशींतले कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचे विघटन करून प्राणवायू सोडते, त्याचे ते बुडबुडे असतात.

आता कोणी म्हणेल, "धुणे ठीक आहे, पण मलम लावल्यावर जखम लवकर भरते हा आमचा अनुभव आहे." तो अनुभव खोटा नाही. मात्र त्याचे श्रेय भलत्यालाच मिळते आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कारण पाहा. जखम उघडी राहिली की बाष्पीभवनाने तिचा वरचा थर सुकतो आणि कडक खपली धरते. नव्या त्वचेच्या पेशी कडेकडून सरकत मध्याकडे येतात. त्यांना ओलसर वाट लागते. वर सुके असेल तर त्यांना खपलीखालून, ओल शोधत, खोलवरून वाट काढावी लागते. "जखमेला हवा लागू दे" हा आजीचा सल्ला येथे चुकतो.

मलमाचा जवळजवळ सगळा भाग म्हणजे पेट्रोलियम जेली किंवा तसाच स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्यात नाममात्र असते. तो स्निग्ध थर बाष्पीभवन रोखतो आणि जखम ओलसर ठेवतो. तुम्हाला याची प्रचीती घरी पाहता येईल. बटाट्याच्या सारख्या दोन चकत्या घ्या, एकीला सर्व बाजूंनी साध्या व्हॅसलिनचा पातळ थर द्या, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींची वजने करा, पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि पुन्हा वजने करा. वहीत आकडे मांडा. मग विचार करा की गुडघ्याला गुण कशाने आला.

अर्थात बटाट्यावरून माणसाविषयी बोलू नये. माणसांवरचा प्रयोगही झाला आहे. १९९६ साली अमेरिकेत त्वचेच्या लहान शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रोग्यांना दोन गटांत वाटले. एका गटाला बॅसिट्रॅसिनचे मलम दिले, तर दुसऱ्याला औषधविरहित पांढरी पेट्रोलियम जेली. कोणाला काय दिले हे ना रोग्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. जंतुसंसर्ग जेलीच्या गटात २ टक्के आणि मलमाच्या गटात ०.९ टक्के आढळला. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. उलट मलमाच्या गटात चौघांना त्वचेचे वावडे झाले, जेलीच्या गटात एकालाही नाही. आज अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही स्वच्छ धुतलेल्या किरकोळ जखमेला साधी जेलीच सुचवते.

परंतु विज्ञानात आपल्या बाजूचा तेवढाच पुरावा दाखवून भागत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९५ साली, प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचे उत्तर निराळे आहे. तेथे अपघाताने झालेल्या, टाके घालाव्या लागलेल्या जखमांवर साध्या जेलीने १७.६ टक्के, तर बॅसिट्रॅसिनने ५.५ टक्के जंतुसंसर्ग झाला. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पहिल्या अभ्यासातल्या जखमा शस्त्रक्रियागृहातल्या स्वच्छ होत्या, दुसऱ्यातल्या रस्त्यावरच्या आणि खोल. तेव्हा टाके पडण्याजोगी जखम असेल तर मलम द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. तेथे माझे मत चालणार नाही, चालूही नये. लहान मुलांच्या तोंडाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्यांचे फोड येतात, त्या इम्पेटिगो नावाच्या रोगावर तर योग्य प्रतिजैविक मलम हाच उत्तम उपचार आहे. माझे भांडण आहे ते खरचटलेल्या कोपराला, वहीच्या कागदाने कापलेल्या बोटाला आणि मुरमाला मलम चोळणाऱ्या हाताशी.

वावड्याची गोष्ट वर आलीच आहे. ती दुर्मिळ नाही. त्वचेच्या वावड्यांचा अभ्यास करणारी अमेरिकेतील एक संस्था दरवर्षी एखाद्या पदार्थाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधते. २००३ साली तो मान बॅसिट्रॅसिनला आणि २०१० साली निओमायसिनला मिळाला! आपल्याकडे आणखी एक अनिष्ट प्रकार आहे. प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड अशी खिचडी एकाच ट्यूबमध्ये भरलेली असते. स्टेरॉइड लाली आणि खाज दडपते, त्यामुळे बरे वाटते, पण जखम भरण्याची क्रिया मंदावते. सरकारने २०१८ साली स्टेरॉइडची बरीच मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. दुकानात मात्र "खाजेचे काहीतरी द्या" म्हटले की काम होते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू तयार होत आहेत हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचता. त्याचा एवढ्याशा मलमाशी काय संबंध? समजा, तुम्ही मलमाचा ठिपका त्वचेवर ठेवलात. ठिपक्याखाली औषधाची तीव्रता भरपूर आहे. तेथून ते आजूबाजूला विसरित होते आणि जसजसे दूर जाल तसतशी तीव्रता उतरत जाते, जशी गरम सळईची उष्णता टोकाकडे उतरते. मधोमध सगळे जंतू मरतील. फार दूर कोणालाच काही होणार नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असा असतो की जेथे दुबळे जंतू मरतात आणि थोडेफार चिवट जंतू तगतात. चिवटांची निवड करणारी ही चाळणीच होय. पट्टी सुटली, मलम पुसट झाले, मूल दोन दिवस विसरले, की हा पट्टा आणखी रुंद होतो.

२०१६ साली हार्वर्ड विद्यापीठात बेम, किशोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उतरंड डोळ्यांना दिसेल अशी मांडली. दोन फूट रुंद व चार फूट लांब अशा एका प्रचंड तबकात त्यांनी पोषक जेलीचे पट्टे केले; कडेला औषध नाही, मग थोडे, मग दसपट, मग शंभरपट, असे करत मध्यभागी हजारपट. कडेला जीवाणू सोडले. ते प्रत्येक सीमेपाशी येऊन अडकत. थोड्या वेळाने एखादा चिवट उत्परिवर्ती जीवाणू सीमा ओलांडी, त्याची प्रजा पंख्यासारखी पुढे पसरे आणि पुढच्या सीमेवर पुन्हा तोच खेळ. दहा-बारा दिवसांत जीवाणू मध्यापर्यंत पोचले! त्या प्रयोगाचे चलच्चित्र उपलब्ध आहे; शिक्षकांनी ते वर्गात जरूर दाखवावे. दमेकऱ्याला एकदम गड चढवत नाही, पण एकेक पायरी दिली तर तोही चढतो.

फ्लेमिंग यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी अपुऱ्या मात्रेमुळे जंतू चिवट बनतील असा इशारा दिला होता. मलमांच्या बाबतीत तो खरा ठरल्याचे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथे फ्युसिडिक आम्लाचे मलम फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले आणि त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस झपाट्याने पसरले. डॉक्टरांना सल्ले बदलावे लागले. आता, सर्व दोष मलमाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पोटात घेतलेली अनावश्यक औषधे आणि कोंबड्या-जनावरांना दिलेली औषधे यांचा वाटा पुष्कळ मोठा आहे. पण तेथे तुमचे-माझे फारसे चालत नाही. गुडघ्यावर काय लावायचे ते मात्र आपल्या हातात असते.

"मग आपली हळद काय वाईट?" हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. हळदीने जखम भरते या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढवून १९९७ साली रद्द करवले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो वाद हळदीचा हा उपयोग नवा आहे की जुना, एवढ्यापुरता होता. तुमच्या फोडणीच्या डब्यातली हळद जखमेत भरण्याइतकी निर्जंतुक आहे, असा निकाल त्यात लागलेला नाही. दगडीपाला चुरगाळून लावण्याबद्दलही हेच म्हणेन. पाल्याबरोबर माती येते, आणि माती काय करते ते एलेक व कोनेन यांनी दाखवलेच आहे.

मातीवरून धनुर्वाताची आठवण होते. पायात खिळा घुसला की आपण गंजाला भितो. गंज निरपराध आहे. धनुर्वाताच्या जंतूची बीजे मातीत, शेणखतात असतात आणि जेथे प्राणवायू पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ती फोफावतात. वरून लावलेले मलम तेथवर पोचत नाही. यावर इलाज एकच, तो म्हणजे लस. आपल्या सरकारी कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस दिली जाते. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे हेच वय आहे. आपण ती घेतली आहे का, हे आज घरी जाऊन विचारा.

आणि कुत्र्याचा ओरखडा! येथे तर मलमाची सवय जिवावर बेतू शकते. दात नुसता लागला, थोडे खरचटले, म्हणून मलम लावून गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत. घरी ओरडा बसेल ही भीती असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. पण त्याच्या विषाणूभोवती स्निग्ध वेष्टन असते आणि साबणाने ते फुटते. म्हणून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रक्त आले असेल तर लशीबरोबर प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही लागते. चुना, तिखट, हळद, मलम यांतले काहीही लावण्यात वेळ दवडू नये. मांजर, माकड यांनाही हेच लागू.

शाळेच्या पेटीत काय असावे, असे एका मुख्याध्यापिकेने मला विचारले होते. मी म्हटले, साबणाची वडी, झाकणाला भोक पाडलेली स्वच्छ पाण्याची बाटली, कण काढायला चिमटा, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी आणि साध्या पेट्रोलियम जेलीची ट्यूब. डबी नको, कारण डबीत सगळ्यांची बोटे जातात. आणि एक बॉलपेन. ते कशाला? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवती लाली दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेषा काढावी आणि वेळ लिहावी. काही तासांनी लाली रेषेबाहेर गेली असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप आला असेल, तर तडक डॉक्टरांकडे. मापन हा माझ्या विषयाचा गुण, त्याला मी काय करणार!

आमच्या महाविद्यालयातही मी अशी पेटी करण्याचा अर्ज दिला. महिन्याभराने तो शेरा मारून परत आला. भांडारात मलमाच्या अकरा ट्यूब शिल्लक आहेत, त्या संपल्यावर विचार करू, असे त्यावर लिहिले होते. सध्या मी प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मुलांना व्हर्नियरच्या आधी तो चार पावलांवरचा नळ दाखवतो, आणि साबण स्वतः आणून ठेवतो.